तीस मिनिटं कुणाच्या नावावर?

मराठीत पुरुष गावोगाव हिंडला की तो भटक्या, फिरस्ता, फार तर कलंदर. बाई हिंडली की भटकभवानी. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण त्यामागची नजर शाबूत आहे. पंचेचाळिशी-पन्नाशीतली बाई संध्याकाळी घराबाहेर पडते तेव्हा जिन्यात भेटणारं माणूस ‘कुठे निघालात?’ म्हणून विचारतंच, आणि ‘नुसती चालायला’ हे उत्तर देताना ती जराशी ओशाळते. म्हणून हातात कापडी पिशवी असते. भाजी आणायची आहे, दूध संपलंय, इस्त्रीचे कपडे द्यायचे आहेत, नाहीतर मारुतीला जाऊन यायचंय. पिशवी हा तिचा परवाना. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली आलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच दाखवून दिलं होतं: रस्त्यावर, बागेत, स्टेशनात दिसायचं तर बाईला काहीतरी काम दाखवावं लागतं, विनाकारण असण्याची सोय तिला नाही. त्या पुस्तकाचा रोख नागरी हक्कांवर होता. इथे मुद्दा प्रकृतीचा आहे, पण तो फिरून त्याच जागी येतो. मध्यम वयातल्या बाईसाठी रोजचं चालणं हे औषधाच्या तोडीचं आहे, याचा पुरावा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतका साचला आहे की आता ते हौसेच्या खात्यात टाकता येत नाही. आणि औषधच असेल तर ‘जमेल तेव्हा घे’ असं सांगून घराला आणि नगरपालिकेला मोकळं होता येणार नाही.

आधी या वयाचं वेगळेपण पाहू. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं अलीकडे. त्याच्या आधीची काही वर्षं पाळीची अनियमितता, उडालेली झोप आणि विनाकारण चिडचिड यांत जातात आणि त्यांचीच चर्चा जास्त होते. आत जे चाललेलं असतं ते मात्र गुपचूप. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोवर रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करत असतं, वाईट कोलेस्टेरॉलला आवर घालत असतं आणि हाडांची झीज रोखून धरत असतं. ते ओसरलं की चरबी मांड्या-नितंब सोडून पोटाकडे सरकते, रक्तदाब आणि साखर हळूहळू वर जायला लागतात, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा काही बायकांमध्ये पाचवा हिस्सासुद्धा झिजून जाऊ शकतो. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून ते कुणाला सांगितलं जात नाही. त्यात आपल्या शरीराची एक जन्मजात अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच नमुना मांडला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडसडीत, आतून चरबीदार असा हा भारतीय बांधा. तेव्हा ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हा दिलासा आपल्याकडे फार कामाचा नाही. पातळ देहाच्या बाईच्या पोटातही साखरेच्या आजाराची तयारी चाललेली असू शकते. देशात २०२१ साली मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या पाहणीने दिला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी, तेरा कोटींच्या पुढे.

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारं पहिलं गाजलेलं संशोधन १९५३चं, लंडनच्या दुमजली बसमधलं. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असं जेरी मॉरिस यांना आढळलं. ते सगळे पुरुष होते. पुढची कितीतरी वर्षं हृदयविकार हा पुरुषांचाच आजार समजला गेला आणि बाईच्या छातीतल्या कळेला ‘गॅस झाला असेल’ म्हणण्याची चाल पडली. बायकांबद्दलचा भक्कम पुरावा यायला १९९९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या चाळीस ते पासष्ट वयाच्या ७२,४८८ परिचारिकांचा आठ वर्षं मागोवा घेतल्यावर जोॲन मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की आठवड्याला तीन तास किंवा जास्त, झपझप चालणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकाराचा धोका क्वचितच चालणाऱ्यांपेक्षा सुमारे पस्तीस टक्क्यांनी कमी होता. तीन वर्षांनी त्याच संशोधिकेने पाळी गेलेल्या ७३,७४३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चालण्यापासून मिळणारा फायदा आणि जोरकस व्यायामापासून मिळणारा फायदा जवळपास सारखाच निघाला, बाई जाड असो की बारीक, गोरी असो की काळी. धावण्याचा, पोहण्याचा किंवा जिमचा आग्रह धरण्याचं वैद्यकीय कारणच त्या आकड्यांनी काढून घेतलं.

चिकित्सक वाचक इथे थांबवेल. ज्या बायका मुळातच ठणठणीत असतात त्याच चालायला जातात, मग चालण्याने प्रकृती सुधारली की प्रकृती चांगली म्हणून चालणं झालं? शंका रास्त आहे आणि अशा प्रकारच्या कुठल्याही अभ्यासाला ती लागू होते. पण त्या परिचारिकांच्या अभ्यासातच तिचं बरंचसं उत्तर आहे. आधी बैठ्या असलेल्या आणि मध्यम वयात किंवा त्यानंतर हालचाल करू लागलेल्या बायकांचा धोकाही, तशाच बैठ्या राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झाला होता. शिवाय चालणं जसं वाढत गेलं तसा धोका पायरीपायरीने उतरत गेला. योगायोग असा पायऱ्या मोजत नाही. त्याहून पक्कं उत्तर चेन्नईहून आलं. डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत विभागणी केली. एका गटाला आहाराचा आणि रोज किमान अर्धा तास झपझप चालण्याचा सल्ला, एकाला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी, एकाला दोन्ही आणि एकाला नेहमीचीच वागणूक. २००६ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांत नेहमीच्या गटातल्या पंचावन्न टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-चालण्याच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर थांबलं. गोळीचा परिणामही साधारण तेवढाच होता, आणि दोन्ही एकत्र केल्याने त्यात भर पडली नाही. या प्रयोगात बायका फार कमी होत्या आणि चालण्याला आहाराची जोड होती, हेही सांगितलं पाहिजे. तरी कारणमीमांसा शरीराच्या पातळीवर सरळ आहे. चालताना मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या परवानगीवाचूनही ओढून घेतात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं त्या वयात हा मागचा दरवाजा फार मोलाचा ठरतो. जेवणानंतरच्या शतपावलीला आजी-पणजींनी धरून ठेवलं होतं ते याच दरवाजाच्या भरवशावर, त्यांना इन्सुलिन ठाऊक नसलं तरी.

हाडांचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे आणि त्याबाबत चालण्याच्या भक्तांनी अंमळ सबुरीने बोलावं. नुसत्या चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही. त्यासाठी वजन उचलणं, जिने चढणं, उठाबशा असा स्नायूंवर ताण देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी लागतो आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसंच सांगते. तरीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळी गेलेल्या ६१,२०० परिचारिकांच्या अभ्यासात दुसरा कुठलाही व्यायाम न करता आठवड्याला चार तास चालणाऱ्या बायकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण, आठवड्याला तासभरही न चालणाऱ्यांपेक्षा एकेचाळीस टक्क्यांनी कमी होतं. याचं एक कारण असं की हाड मोडतं ते बहुधा पडल्यावर, आणि चालणाऱ्या बाईचे पाय, तोल आणि नजर तिला पडू देत नाहीत. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडणं आणि मग अंथरूण धरणं, या आपल्याकडच्या ओळखीच्या शेवटाची तजवीज पन्नाशीतच करायची असते. अंगातून गरम वाफा येण्यावर मात्र चालणं हा उतारा आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४च्या कॉक्रेन आढाव्याने तसं स्पष्ट म्हटलं आहे. वजनाचंही तेच. अर्धा तास चालून खर्च होणारे उष्मांक एका बटाटेवड्यात भरून निघतात. ज्या बायका दोन महिने चालून काट्यावर काहीच हललं नाही म्हणून सोडून देतात, त्यांना काटा हे चुकीचं माप आहे एवढं कुणी वेळेवर सांगत नाही. गुडघ्यांचा धसका घेतलेल्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. गुडघ्याची झीज असलेल्या पन्नाशीपुढच्या बाराशेहून अधिक लोकांच्या अमेरिकन अभ्यासात, चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये नव्याने सततची गुडघेदुखी सुरू होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांनी कमी आढळली. गुडघा वापरल्याने झिजतो, ही समजूत सायकलच्या बेअरिंगसाठी ठीक आहे.

मग चालायचं किती? दहा हजार पावलांचा मंत्र कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ‘मानपो-केई’ ठेवलं, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरात यशस्वी झाली, इतकंच. २०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला मापक बांधून पाहिलं तेव्हा, दिवसाला सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण एकेचाळीस टक्क्यांनी कमी निघालं. साडेसात हजारांनंतर फायदा वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा आहे, आणि सलग दहा मिनिटं तरी चालायलाच हवं ही जुनी अटही तिने तेव्हा काढून टाकली. वेग असा असावा की सोबतिणीशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. यापेक्षा जास्त शास्त्र मनगटावरच्या घड्याळालाही ठाऊक नाही.

या सगळ्यावर घरोघरी तयार असलेला आक्षेप म्हणजे, ‘ती दिवसभर घरात उभीच असते, तिला वेगळं चालायला कशाला हवं?’ गंमत म्हणजे हा युक्तिवाद बायका स्वतःही करतात. तो झटकून टाकण्यासारखा नाही, कारण जोर लावून केलेला केर, फरशी, धुणं यांना व्यायामशास्त्र मध्यम श्रमाच्या व्यायामातच मोजतं. पण शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या मध्यमवर्गीय घरांत पाहिलं तर केर-फरशी कामवाल्या बाईकडे गेली, धुणं मशीनकडे, वाटण मिक्सरकडे. बाईकडे उरलं ते ओट्यापाशी उभं राहणं, डबे भरणं, आवराआवर आणि सगळ्यांच्या वेळा डोक्यात ठेवणं. हे कष्टाचं आहेच, कंबर आणि टाचा त्याची रोज साक्ष देतात. पण उभं राहून स्वयंपाक करताना शरीर विश्रांतीच्या दुपटीहून फार जास्त ऊर्जा खर्च करत नाही. झपझप चालताना तोच खर्च चौपट होतो. छातीचे ठोके वाढून काही काळ वाढलेलेच राहावेत ही हृदयाची अपेक्षा, आणि ओट्यापाशी ती पुरी होत नाही. दमणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं, हा फरक मराठीला चांगला कळतो. दिवसअखेर दमलेल्या बाईला ‘तुझा व्यायाम झालाच की’ म्हणणं म्हणजे तिच्या थकव्याचीच तिला पावती देऊन पैसे न देणं.

उलट बाजूने एक गंभीर आक्षेप येतो. चालण्याचं हे कौतुक कुणासाठी? पाच घरची धुणीभांडी करायला एका सोसायटीतून दुसरीत जाणाऱ्या बाईला, हंडे वाहणाऱ्या बाईला, पहाटे फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगार बाईला अर्धा तास चालायला सांगणं ही क्रूर थट्टा ठरेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या २०१९च्या पाहणीत राज्य सरकारच्या समितीला ब्याऐंशी हजारांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, मग वय तिशीचं का असेना. या बायकांची हाडं आणि हृदयं मध्यम वयाच्या कितीतरी आधी मध्यम वयात पोचतात, आणि त्यांना लागतं ते लोह, कॅल्शियम, पुरेसं जेवण आणि आडवं व्हायला जागा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय होता. रक्त नसलेल्या बाईला वेग वाढव म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. तेव्हा चालण्याचा सल्ला सरसकट सगळ्यांना नाही, हे मान्यच करायचं. पण या आक्षेपातून चालणं निरुपयोगी आहे असं निघत नाही. निघतं ते एवढंच की स्वतःच्या मर्जीने, रिकाम्या हातांनी, ओझ्यावाचून चालायला मिळणं हीच मुळात ठरावीक बायकांची चैन होऊन बसली आहे.

आणि त्यांनाही ती सहजी मिळते असं नाही. २०२२च्या आकडेवारीवर आधारलेल्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार भारतातल्या सत्तावन्न टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण बेचाळीस टक्के आहे. ही बातमी आली तेव्हा ‘भारतीय बायका आळशी’ अशा आशयाचे मथळे आणि विनोद बरेच फिरले. त्यांच्या शेजारी दुसरा सरकारी आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं दिसलं, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली. ती पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. चालायला हवीत तीस. ती पावणेपाच तासांच्या या ढिगातून यायची आहेत, आणि मध्यम वयात या ढिगाला दोन्ही बाजूंनी भर पडत असते: एका अंगाला दहावी-बारावीची मुलं, दुसऱ्या अंगाला सासूबाईंचं पथ्य आणि सासऱ्यांच्या गोळ्या. पुरुषाच्या चालण्याला घरात एक ठरलेली जागा असते. ‘बाबा फिरायला गेलेत’ हे वाक्य कारण म्हणून पुरतं, आणि परतल्यावर चहा तयार असतो. आई फिरायला गेली की चहा कुणी टाकायचा हा प्रश्न उभा राहतो, म्हणून ती पाच वाजता उठून सगळ्यांच्या आधी जाऊन येते. म्हणजे ही तीस मिनिटं तिने घरकामातून काढलेली नसतात, झोपेतून काढलेली असतात. आधीच झोप उडालेल्या वयात झोप विकून व्यायाम घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि तो करणाऱ्या बाईचं ‘किती शिस्तीची’ म्हणून कौतुक होतं, तेव्हा घरातल्या इतरांची आपोआप सुटका होते. ‘इच्छा असेल तर वेळ मिळतोच’ हे सुभाषित म्हणणाऱ्याच्या घरात चहा कोण टाकतं, एवढं विचारून पाहावं.

पाचला बाहेर पडण्यात आणखी एक अडचण आहे, अंधार. पहाटेच्या सुनसान रस्त्यावर मोटारसायकलवरून येऊन मंगळसूत्र ओढून नेण्याच्या बातम्या राज्यातल्या कुठल्याही शहराच्या पुरवणीत नव्या नाहीत. त्यावर पोलिसांचा ठरलेला सल्ला ‘दागिने घालून फिरू नका’ असा असतो, आणि मंगळसूत्र काढून बाहेर पडण्याची मुभा किती घरांत आहे हा पुढचा प्रश्न. तिला खरी मोकळीक मिळते ती दुपारी जेवणं आटोपल्यावर, आणि पुण्यासारख्या शहरात बहुतेक महापालिका उद्यानांना नेमकं तेव्हा कुलूप असतं. उन्हाळ्यात ठीक आहे; पण थंडीत आणि पावसाळ्याच्या उघडिपीत दोन ते चार ही चालायला उत्तम वेळ असते. स्वच्छतागृहांबद्दल तर कुणी बोलतही नाही. पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर खोकलं-शिंकलं की लघवीचा थेंब सुटणं, घाईची लागणं ही तक्रार फार बायकांना असते, बाळंतपणं झालेल्यांना अधिक. अशी बाई घरापासून पंधरा मिनिटांपेक्षा लांब जात नाही, कारण परतायला पंधरा मिनिटं लागतात. मुंबईत २०११पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेला अनेकांनी हसण्यावारी नेलं, पण चालण्याच्या अंतरावर स्वच्छ मुतारी असणं हा हृदयविकार प्रतिबंधाचा भाग आहे असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

राहिले पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पादचाऱ्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट हवी. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या मे महिन्यात चालण्याजोगे पदपथ हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. कागद अगदी व्यवस्थित आहेत. वाटेवर मात्र वीजमंडळाची डीपी, दुकानाची पायरी, उभ्या केलेल्या दुचाक्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि दर वीस पावलांवर गाड्यांसाठी उतरवलेला पदपथ. साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये, आधीच गुडघ्याला जपणारी बाई अशा वाटेवर झपझप चालू शकत नाही, ती बघून बघून पावलं टाकते. आणि वेग गेला की चालण्यातलं औषधही गेलं. महाराष्ट्रातली शहरं उड्डाणपुलांवर आणि रस्तारुंदीकरणावर जो खर्च करतात त्याच्यापुढे पदपथाचा खर्च किरकोळ असतो, तरी नगरसेवकाच्या अहवालात आधी काँक्रीटचा रस्ता येतो. पुण्याच्या वेताळ टेकडीतून रस्ता नेण्याचा वाद वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा रस्त्याची बाजू घेणारे प्रवासातली वाचलेली मिनिटं मोजतात. टेकडीवर रोज चालणाऱ्या शेकडो बायकांची मिनिटं त्या हिशेबात धरलेली नसतात.

हे बदलणं आपल्याला जमणार नाही, आपली संस्कृतीच तशी, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या बायका हजारोंनी असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत रात्रभर चालत जाणाऱ्यांतही त्या असतात. घरी मागे कोण पाहील हा प्रश्न तेव्हा सुटतो. सुना, मुलगे, शेजारणी वाटून घेतात. वाटेत गावं पाणी ठेवतात, टँकर येतात, तात्पुरती शौचालयं उभी राहतात, डॉक्टर पायाला मलम लावून देतात. तिला ‘कुठे निघालीस?’ असं कुणी उलटतपासणीच्या सुरात विचारत नाही, उलट तिच्या पाया पडतात. म्हणजे बाईच्या चालण्याची संपूर्ण व्यवस्था कशी करायची हे या समाजाला नेमकं ठाऊक आहे. अट एवढीच की ती विठ्ठलासाठी किंवा भवानीसाठी चालत असली पाहिजे, स्वतःच्या हृदयासाठी नव्हे. वारीशी अर्ध्या तासाच्या चालण्याची बरोबरी करायची नाही, पण त्या व्यवस्थेतला दहावा भाग जरी रोजच्या दिवसात उतरला तरी पुष्कळ होईल.

सुरुवात मोठ्या धोरणाने व्हायची गरज नाही. चाळिशीपुढच्या बाईचा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली ‘चालणं, रोज तीस मिनिटं’ असं चिठ्ठीवर लिहून द्यावं, तोंडी सांगू नये; आपल्या घरांत लेखी औषधाला मान असतो. महापालिकांनी उद्यानांची कुलपं दुपारी काढावीत, त्याला एका रखवालदाराचा पगार लागतो. आणि ज्यांच्या हातात हा अंक आहे त्यांनी आज रात्री जेवताना, सगळे ताटावर असताना, एवढं ठरवून टाकावं: उद्यापासून संध्याकाळी सहा ते साडेसहा गॅसपाशी कोण उभं राहणार. नाव ठरवा, ‘बघू’ म्हणू नका.